वरच्या अंगाला, खालच्या अंगाला

कारुक आणि युरोक या अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीकाठच्या दोन आदिवासी जमाती. 'कारुक' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचे, 'युरोक' म्हणजे खालच्या अंगाचे. दोन्ही शब्द कारुक भाषेतले. युरोकांचं जगभर रूढ झालेलं नाव असं शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे. कोकणातले घाटावरच्यांना 'घाटी' म्हणतात तशातलाच प्रकार, फक्त हिणवणं वजा. आमच्या गावाकडे म्हातारी माणसं अजून 'उगवतीकडे', 'मावळतीकडे' म्हणतात. क्लॅमथ नदीकाठी सूर्याऐवजी पाणी दिशा सांगतं.

*

१२ जून २०२५ ला ऑरेगनमधल्या वुड रिव्हरच्या उगमापाशी आदिवासी मुलामुलींनी कायाकी पाण्यात घातल्या. ११ जुलैला ती उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या काठाला लागली. ३१० मैल, म्हणजे पाचशे किलोमीटर. बहुतेकजण तेरा ते वीस वर्षांचे. कुणी क्लॅमथ, कुणी शास्ता, कारुक, हूपा, युरोक. आम्ही लहानपणी या सगळ्यांना एकच नाव शिकलो होतो, 'रेड इंडियन', आणि त्यावर मार्कही मिळवले होते.

*

या नदीवरची, आता पाडलेली चार धरणं. कोप्को एक १९१८ चं, कोप्को दोन १९२५ चं, जे. सी. बॉईल १९५८ चं, आयर्न गेट १९६२ चं. चौघांची मिळून वीजक्षमता १६३ मेगावॅट. आपल्या एकट्या कोयनेची १,९६०. खालच्या तीन धरणांना मासा चढून जाईल अशी शिडीच नव्हती. समुद्रातून अंडी घालायला परतणारा सामन मासा आयर्न गेटच्या भिंतीशी यायचा आणि थांबायचा.

युरोक भाषेत सामनला 'नेपुय' म्हणतात: जे खायचं ते. आपण नाही का पोळीभाजीला नुसतं 'जेवण' म्हणत!

*

सप्टेंबर २००२. कोरडं वर्ष, वरचं पाणी शेतीला गेलेलं, खाली उरलं ते उथळ आणि कोमट. त्यात रोग पसरला आणि निदान ३४,००० मासे मरून काठाला लागले. त्या वेळी विशीत असलेली माणसं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. धरणं पाडा ही मागणी त्याआधीही होती, पण त्या वासानंतर तिला धार आली. २००४ साली धरणांची मालक कंपनी स्कॉटलंडची होती, म्हणून नदीकाठची माणसं थेट एडिंबरोला गेली, भागधारकांच्या सभेला. कंपनी पुढे विकली गेली, तेव्हा नव्या मालकांच्या सभेसाठी ओमाहाला. कोर्टकचेऱ्या, करार, मोडलेले करार. पाडण्याची अंतिम परवानगी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली. २०२३ मध्ये कोप्को दोन गेलं, उरलेली तीन २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत.

*

या मुलांची कायाक शिकवणी सुरू झाली २०२२ मध्ये. म्हणजे धरणं जागेवर होती, पोरं ती नसतील तेव्हाच्या नदीची तयारी करत होती. 'रिओस टू रिव्हर्स' या संस्थेचा हा उपक्रम. कायाक उलटली की डोकं पाण्याखाली, कंबर बोटीत अडकलेली. तशात घाबरून बाहेर निघायचं नाही. वल्हं पाण्यावर आडवं दाबायचं, कंबरेला झटका द्यायचा, बोट आधी सरळ करायची आणि डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. नवशिका नेमकं उलटं करतो, आधी डोकं वर काढू बघतो आणि पुन्हा पालथा होतो. धीर धरायला शिकवणारी इतकी थेट पद्धत मी दुसरी वाचलेली नाही.

*

वडीलधाऱ्यांनी दाखवायचं आणि पोरांनी पाहायचं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे ते जुळत नाही. वरच्या अंगाच्या क्लॅमथ लोकांत आपल्या गावाजवळ सामन पाहिलेलं माणूसच हयात नव्हतं. आजोबांना आठवण होती ती त्यांच्या आजोबांनी सांगितलेल्याची. शिवाय १९५४ च्या कायद्याने सरकारने ही जमातच कागदावरून काढून टाकली. मान्यता १९८६ मध्ये परत मिळाली, पण विकलं गेलेलं जंगल काही परत आलं नाही. त्यामुळे त्या महिन्याभरात काठावर थांबलेल्या म्हाताऱ्यांनाही नदीचा काही भाग पोरांच्याच तोंडून कळला असणार.

*

कोप्को दोनच्या खालची घळ. तिथलं पाणी शंभरेक वर्षं बोगद्यातून वीजघराकडे वळवलेलं, त्यामुळे नदीच्या पात्रात झाडं वाढली होती. झाडं! ती काढावी लागली, मग पाणी आलं. शास्ता लोकांची ही पवित्र जागा.

*

वर्तमानपत्रांनी मथळा दिला: 'उगमापासून समुद्रापर्यंत पहिला प्रवास.' 'पहिला' हा शब्द डाचतो. हजारो वर्षं जिच्या काठाने माणसं राहिली त्या नदीवर पहिलं कोण? पण चिडून झाल्यावर लक्षात येतं की ही चार धरणं गेल्यानंतर उगमापासून समुद्रापर्यंत खरंच कुणी आलेलं नव्हतं. शब्द बरोबर आहे. तरी डाचतो.

*

इशी पिशीचा धबधबा कारुकांचा. तिथे मासे धरण्याचा हक्क फक्त त्यांचा, लांब दांड्याच्या जाळ्याने. साहसी नावाड्यांना असल्या पाण्याची भूल पडते, पण तिथे बोट घालू नका असं कारुकांचं म्हणणं. अशा ठिकाणी बोटीतून उतरून पायी जाणं हाही नदी शिकण्याचाच भाग.

*

युरोकांची होडी रेडवूडच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. आत, तळाशी, लाकडाचा एक उंचवटा मुद्दाम ठेवतात: ते तिचं हृदय. तिला मूत्रपिंडं असतात, नाक असतं. कारागीर हृदय कोरून काढत नाही, त्याच्या भोवतीचं लाकूड काढतो. पोरांच्या कायाकी मात्र प्लास्टिकच्या, भडक रंगांच्या. मला यात काही विसंगत वाटत नाही. आपली वारीसुद्धा आता रबरी सपाता घालूनच चालते.

*

१९६९ मध्ये एका युरोक मासेमाराला जाळं लावल्याबद्दल पकडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७३ मध्ये निकाल युरोकांच्या बाजूने लागला. त्याच नदीवरून आता त्या पिढीची नातवंडं आली आणि पुळणीवर आजीआजोबा उभे होते. मुलं बोटी टाकून समुद्राकडे धावली. पाणी गार असणार. तिथला पॅसिफिक जुलैतही गारच असतो.

*

सगळी नदी अजून मोकळी नाही. वरची कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणं उभीच आहेत. पोरांनी तिथे कायाकी उचलून वळसा घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनूक सामन या दोन्ही धरणांच्या शिड्या चढून वरच्या तळ्यात आणि पुढे विल्यमसन नदीत, क्लॅमथ लोकांच्या मुलखात पोचला.