सणाव्यतिरिक्त दिवसांचे मंडळ

बहुतेक धर्मग्रामांत युवक मंडळ असते. नाताळात गोठा उभारणारे, सणाच्या आदल्या रात्री पताका लावणारे हे तरुण-तरुणी आम्हांस मनापासून प्रिय आहेत. परंतु सणाचे दिवस मोजकेच. उरलेल्या दिवसांत मंडळाने काय करावे, असा प्रश्न निघाला की सभेत शांतता पसरते. या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील एका धर्मगुरूने दिले आहे.

आडोल्फ कोल्पिंग यांचा जन्म १८१३ साली कोलोनजवळच्या केर्पेन गावी एका मेंढपाळाच्या घरी झाला. कोवळ्या वयातच ते जोडे शिवण्याचे काम शिकू लागले. विशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा शाळेची पायरी चढली आणि १८४५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. एल्बरफेल्ट येथे त्यांची नेमणूक झाली. तेथे ब्रॉयर नावाच्या शिक्षकाने १८४६ साली तरुण कारागिरांचा संघ स्थापला होता. त्याची धुरा लवकरच कोल्पिंग यांच्याकडे आली.

या संघाची गरज का भासली? पूर्वी शिकाऊ कारागीर उस्तादाच्याच घरी राही, त्याच्याच पंगतीला जेवी. पुढे कारखानदारी वाढली, तसा हा जिव्हाळा आटला. कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या तरुणाच्या हातात हुन्नर होता, पण संध्याकाळी परतायला घर नव्हते. हे दुःख कोल्पिंग यांनी स्वतः भोगले होते. ६ मे १८४९ रोजी त्यांनी कोलोनमध्ये अवघ्या सात जणांना घेऊन संघ सुरू केला. तेथे लेखन, हिशेब, रेखाटन यांचे शिक्षण मिळे. गायन आणि धर्मशिक्षणही होई. उत्तम ख्रिस्ती, कुशल कारागीर, जबाबदार नागरिक आणि प्रेमळ कुटुंबप्रमुख घडावा, हा हेतू. १८६५ साली ते निवर्तले तेव्हा संघाच्या चारशेहून अधिक शाखा होत्या. १९९१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. आज भारतासह अनेक देशांत हे कार्य चालते आणि त्याच्या प्रत्येक शाखेला ‘कोल्पिंग कुटुंब’ म्हणतात.

‘कुटुंब’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. हुन्नर शिकवणारे वर्ग पैसे भरून कोठेही मिळतात. पण तेथे शिकणाऱ्याची आई आजारी आहे, हे कोणास ठाऊक नसते.

आमच्या धर्मग्रामात दहावीत नापास झालेली काही मुले मिस्सेला येत, पण दाराबाहेरच उभी राहत. एका निवृत्त वीजतंत्रीने त्यांतील चौघांना रविवारी दुपारी हाताशी धरले. महिन्याभरात दोघे गळाले, दोघे टिकले. गेल्या पावसाळ्यात गुरुजी रुग्णालयात होते, तेव्हा रात्रीची सोबत याच दोघांनी केली. गुरुजींची मुले परदेशी आहेत. आता हे दोघे मिस्सेला आत, गुरुजींच्या शेजारी बसतात.

आपल्या वसईच्या वाडीतही अशी विद्या पुष्कळ आहे. राजेळी केळी कितपत पिकल्यावर सोलावीत आणि सुकेळीला किती उन्हे द्यावीत, हे जाणणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याजवळ बसायला नातवंडांना सवड नाही आणि आपले ज्ञान कोणाला हवे असेल, असे आज्यांनाही वाटेनासे झाले आहे. ही दोन माणसे एका पडवीत आणणे, हे मंडळाचे काम नव्हे काय?

त्यासाठी मोठा निधी वा सभागृह लागत नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर प्रत्येक घराने एका कागदावर दोनच गोष्टी लिहाव्यात : आम्हांला काय शिकवता येईल आणि आम्हांला काय शिकायचे आहे. ते कागद जुळवण्याचे काम युवकांकडे सोपवावे. कोलोनला प्रारंभी सातच जण होते. आपल्याकडे दोघे आले तरी दार उघडे ठेवावे.