कॉलरवरचा माईक

तालुक्याचा बातमीदार नवा फोन घ्यायला दुकानात जातो, तेव्हा त्याचे सगळे प्रश्न कॅमेऱ्याचे असतात. मेगापिक्सेल किती, रात्रीचा फोटो कसा येतो, झूम कुठवर जातो. दुकानदारही रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोन रोखतो, दोन बोटांनी चित्र ताणतो आणि पाटीवरचा मोबाईल नंबर खडाखडा वाचून दाखवतो. गिऱ्हाईक खूश होतं. हा फोन आवाज कसा घेतो, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी ऐकवतही नाही.

खरं तर बातमीदाराचं निम्मं काम आवाजाचं. ज्याची द्राक्षबाग गारपिटीनं झोपली त्याचं म्हणणं, जिच्या वस्तीवर टँकर पोचत नाही तिची तक्रार, तहसीलदारांनी दिलेलं आश्वासन. बातमी म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी बोललेलं काहीतरी. चित्र जरा धूसर असलं तरी माणूस बघत राहतो. बोलणं कळेनासं झालं की त्याचा अंगठा लगेच पुढच्या व्हिडिओवर जातो.

म्हणून जाणत्या बातमीदाराची सॅक उघडून बघावी. फोन कदाचित तीन-चार वर्षांचा असेल, त्याच्या कडेचा रंगही उडाला असेल. पण आतल्या कप्प्यात कॉलर माईक गुंडाळून ठेवलेला असतो. शेजारी घडीचा ट्रायपॉड, पॉवर बँक, दोन केबली, एक ओटीजी पेनड्राइव्ह, लेन्स पुसायचं मऊ फडकं आणि पावसाळ्यात हटकून एक प्लास्टिकची पिशवी. पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात ही यादी मिळो न मिळो, फिरून फिरून ती प्रत्येकाची तयार होतेच.

ही सॅक तशी जुनी आहे. २००७ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं नोकियाबरोबर एक प्रयोग केला आणि काही वार्ताहरांच्या हातात मोबाईल पत्रकारितेचा एक संच दिला. त्यात नोकिया एन९५ हा फोन होता. त्याचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा. आजचा दहा हजारांचा फोनही त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण त्या संचातल्या बाकीच्या वस्तू बघितल्या तर आजही नवल वाटत नाही: घडीचा कीबोर्ड, छोटा ट्रायपॉड, वेगळा माईक, तो जोडायचा अडॅप्टर आणि उन्हावर चालणारा चार्जर. फोन एकच, बाकी सगळा संसार त्याच्या भोवतीचा. पुढे २०१५ मध्ये जिनिव्हाच्या लेमां ब्ल्यू या स्थानिक वाहिनीनं मोठे कॅमेरे बाजूला ठेवून वार्ताहरांना आयफोन दिले. त्याच वर्षी आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक वाहिनीनं डब्लिनमध्ये मोबाईल पत्रकारांची परिषदच भरवली.

आपल्याकडे हे वारं खऱ्या अर्थानं डेटा स्वस्त झाल्यावर आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि चित्र पालटलं. त्याआधी गावातून काही थेट दाखवायचं तर डोक्यावर डिश घेतलेली ओबी व्हॅन यावी लागे, आणि ती येईस्तोवर मोर्चा पांगलेला असे. आता वार्ताहर एसटी स्टँडवर बाईट, म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा, घेतो, टपरीवर बसून फोनवरच ती कापतो आणि चहा संपायच्या आत डेस्कला फीड पोचलेलं असतं. बातमीचा मजकूरही तो फोनला तोंडी सांगतो. २०१७ मध्ये गुगलनं मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली, तेव्हापासून दुचाकी झाडाखाली लावून, चार ओळी बोलून, त्यातली नावं तेवढी हातानं दुरुस्त करून बातमी पाठवणारे कितीतरी जण आहेत.

पण वेग आला म्हणून बोलणं ऐकू येतंच असं नाही. आवाजाचं गणित निर्दय आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते, दहापट झालं की २० डेसिबलनं. बोलणारा दोन मीटरवर उभा आहे आणि माईक फोनच्या बुडाशी आहे, अशा वेळी त्याचं बोलणं छातीवर वीतभर अंतरावर लावलेल्या माईकपेक्षा सुमारे २० डेसिबलनं खाली जातं. मागून चाललेला ट्रॅक्टर, जनरेटर, वरातीचा डीजे मात्र होता तेवढाच राहतो.

फोन आपल्या परीनं सावरायला बघतो. हळू आवाज आपोआप उचलतो, मोठा आवाज दाबतो. बंद खोलीत हे चालून जातं. पण आषाढी वारीत पालखी दिवे घाट चढत असते, टाळ-मृदंग टिपेला पोचलेले असतात, तेव्हा फोन त्या ठेक्यापुढे स्वतःला आवरतो आणि त्याबरोबर शेजारची वारकरी आजी जे सांगत असते तेही दबून जातं. वरून घाटातला भन्नाट वारा. फोनच्या माईकचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं, त्यावर वारा आपटला की नुसती फडफड उरते. मूठभर फरची टोपी माईकवर चढवली की ती बरीचशी थांबते. ही टोपी सॅकमधली सगळ्यात हलकी वस्तू, आणि सगळ्यात आधी हरवणारीही तीच.

गेल्या काही वर्षांत कितीतरी बातमीदारांचा आणि यूट्यूबरांचा पहिला माईक होता बोया बीवाय-एम१. सहा मीटरची काळी वायर, एका टोकाला शेंगदाण्याहून लहान माईक आणि त्याचा चिमटा, मध्ये बोटभर लांबीची डबी. डबीवर एक स्विच. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. कॅमेऱ्यासाठी आत बटणाएवढा सेल लागतो, फोनला लागत नाही. बाईट सुरू करण्याआधी सरावलेल्या माणसाचा अंगठा त्या स्विचवरून एकदा फिरतोच.

चिमटा लावायची जागा हनुवटीपासून वीतभर खाली. सदऱ्याच्या बटणपट्टीवर तो छान बसतो. उपरणं असेल तर ते सरकवायला सांगावं लागतं, नाहीतर मान वळली रे वळली की कापड माईकवर घासतं आणि सगळं बोलणं खरखरीत जातं. बाईमाणसाशी बोलायचं तर आणखी जपावं लागतं. डोक्यावरून घेतलेला पदर, गळ्यातली पोत, हातवारे करताना वाजणाऱ्या बांगड्या, या सगळ्यांतून जागा शोधायची. माईक तिच्याच हातात द्यायचा, स्वतःच्या कॉलरवर बोट ठेवून कुठं लावायचा ते दाखवायचं आणि तिचं होईस्तोवर नजर दुसरीकडे वळवायची. मग विचारायचं, “मावशी, सकाळी जेवायला काय केलं होतं?” ती पिठलं-भाकरीचं सांगते, तोवर इकडे पडद्यावरची आवाजाची रेघ वर-खाली होताना दिसते. माईक चालू आहे याची खात्री पटते, आणि मावशीचीही भीड चेपलेली असते.

एवढ्याशा वस्तूचं मोठेपण इथं आहे. फोन लांबून, न सांगता, कुणाचंही चित्रण करू शकतो. माईक तसा लावता येत नाही. त्यासाठी माणसाजवळ जावं लागतं, कशासाठी बोलायचं ते सांगावं लागतं आणि त्यानं हो म्हणावं लागतं. ज्याच्या घरात कालच मयत झाली आहे तो नको म्हणाला तर वायर गुंडाळून परत फिरावं लागतं. लैंगिक अत्याचारात बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. पण कायद्याचं कलम आठवायच्या आधी, परवानगी विचारायची सवय हाताला लागलेली असली तर चुका कमी होतात. ती सवय हा माईक लावतो.

नवा फोन घेतला की पहिली अडचणही या माईकचीच येते. ॲपलनं २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं गोल भोक काढून टाकलं आणि हळूहळू बहुतेक महागड्या फोनांतून ते गेलं. जुना माईक मग लावायचा कुठं? त्याच्या पिनेकडे नीट बघावं. तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची पिन, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दोन रेघांची पिन फोनला लावली की पुष्कळदा फोन तिला माईक मानतच नाही. तो स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड करत राहतो, बोलणाऱ्याच्या छातीवर दुसरा माईक लटकलेला असतो, आणि घोटाळा कळतो तो घरी पोचल्यावर. टाइप-सीचा अडॅप्टर घेतानाही चिप असलेला घ्यावा, कारण नुसती तार जोडलेला सगळ्या फोनांवर चालत नाही. आयफोननंही २०२३ पासून, पंधराव्या मालिकेपासून, टाइप-सी स्वीकारलं, त्यामुळे निदान केबलींचा गुंता थोडा सुटला. वायरलेस माईक आले, स्वस्तही झाले. पण त्यातले बहुतेक वायफायच्याच लहरींवर चालतात. सभेच्या गर्दीत ते अडखळतात, आणि बोलणाऱ्यानं पाठ फिरवली तरी मध्ये आलेलं शरीर सिग्नल अडवतं. म्हणून वायरचा माईक सॅकमधून काढून टाकायचा नसतो.

नुसत्या फोनच्या आवाजावर विसंबायचं नाही, हे मोठ्या पडद्यावरच्या माणसांनाही ठाऊक आहे. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा चित्रपट २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात आला. तो आयफोन ५एसवर चित्रित झाला होता. फोनवर एक जोडभिंग, फोनमध्ये आठ डॉलरचं ॲप, आणि लॉस एंजलिसचे रस्ते. चित्रात एवढी काटकसर करणाऱ्या मंडळींनी आवाज मात्र स्वतंत्र, व्यावसायिक साधनांवर घेतला. २०२५ मध्ये आलेल्या ‘२८ इयर्स लेटर’साठी डॅनी बॉइल यांनी आयफोन १५ प्रो मॅक्स वापरला, तेव्हा काही दृश्यांसाठी एका चौकटीवर वीस फोन बसवले होते. फोनचा सिनेमा म्हणजे फोन एकट्यानं केलेला सिनेमा, असं कधीच नव्हतं.

आणि साधनं तोकडी असताना काय होऊ शकतं, हे बघायचं तर बुंदेलखंडात बघावं. चित्रकूटला २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण, बहुतांश दलित स्त्रियांनी चालवलेलं वृत्तपत्र. छापील पानांवरून हातातल्या स्मार्टफोनकडे त्यांनी केलेला प्रवास रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांच्या ‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटात दिसतो. २०२२ मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मुख्य वार्ताहर मीरा देवी सहकाऱ्यांना फोन शिकवतात, धीर देतात, आणि त्याच बायका पुढे पोलीस ठाण्यात, खाणीवर, पुढाऱ्यांच्या गराड्यात उभ्या राहून प्रश्न विचारतात. फोन त्यांच्या हाती उशिरा आला. विचारायचं काय, हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

महाराष्ट्रातल्या बातमीदाराला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ऊन. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असं ॲपल सांगतं. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. थेट प्रक्षेपण चालू असताना फोन तापतो, आधी पडदा मंद करतो, मग चित्रण बंद पाडतो. तिथला वार्ताहर म्हणून फोनचं कव्हर काढून ठेवतो, सावली धरून उभा राहतो आणि चार्जिंग लावून थेट जायचं टाळतो. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून रस्ता बघत जायची सवयही महागात पडते. मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. फोन शर्टाच्या खिशात बरा.

सॅकमधल्या पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. फोनकडे ५ व्होल्टनं जाताना त्यातलं साधारण साठ-पासष्ट टक्केच पदरात पडतं. फोरके चित्रणाला आयफोनच्या जुन्या फॉरमॅटमध्ये मिनिटाला सुमारे ३५० एमबी जागा लागते, म्हणून बाईटसाठी एचडी पुरतं. चित्रण करताना फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर ऐन वाक्यात कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. ज्याच्यावर बातमी अवलंबून आहे ते वाक्य माणूस पुन्हा म्हणतो खरा, पण तसं म्हणत नाही.

या सगळ्याचा खर्च करतं कोण? जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या बहुतेक स्ट्रिंगरांना बातमीमागे पैसे मिळतात. फोन त्यांचा, रिचार्ज त्यांचा, पेट्रोल त्यांचं आणि माईकही त्यांचाच. वाहिनीकडून येतो तो फक्त बूम, म्हणजे हातात धरायच्या माईकवरचा लोगोचा ठोकळा. त्यामुळे माईक खराब झाला की महिनाभर फोनच्याच आवाजावर भागवलं जातं, आणि त्या महिन्यात जे लोक बोलले त्यांचं बोलणं धड कुणाच्या कानावर पडत नाही.

संपादकांनी आणि मालकांनी एवढं तरी करावं. आपल्या प्रत्येक तालुका वार्ताहराला एक चांगला कॉलर माईक, त्याचा अडॅप्टर, फरची टोपी आणि पॉवर बँक कार्यालयाच्या खर्चानं द्यावी, आणि बिघडली की बदलून द्यावी. नव्या फोनच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात हे सगळं बसतं. आणि स्वतःच्या पैशानं फोन घेणाऱ्या तरुण बातमीदारांनी कॅमेऱ्याच्या बाबतीत एक पायरी खालचा फोन घ्यावा, वाचलेल्या पैशांतून आधी माईक घ्यावा.