खड्डा, खटला आणि मी

माणसाने आयुष्यात एकदा तरी संपादकांना पत्र लिहावे. दुसरे काही नाही, तरी आपण किती भित्रे आहोत हे कळते.

त्याचे असे झाले. नगरपालिकेने पाइप टाकण्यासाठी आमची गल्ली खणली आणि पाइप टाकायचा विसरली. चार महिने मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घरी येत होतो. संबंधित अधिकाऱ्यांना तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली. शेवटी एका रात्री त्यांचे नाव, अर्जांच्या तारखा, खड्ड्याची लांबी-रुंदी असे सगळे लिहून काढले आणि शेवटी 'हे गृहस्थ झोपले आहेत काय?' असा सवाल टाकला.

सौभाग्यवती म्हणाली, "झकास! पण आधी खालच्या वकीलकाकांना दाखवा."

वकीलकाकांनी चष्मा लावला. "बदनामी होऊ शकते."

"अहो, पण खरं आहे!"

"नुसतं खरं असून भागत नाही. ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं. पूर्वी 499 कलम होतं, 2024 पासून न्याय संहितेचं 356. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही. आता समाजसेवेचीही शिक्षा आहे."

"म्हणजे खड्डा मीच बुजवायचा?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "सरकारी नोकराच्या कामाबद्दल सद्भावनेनं मत द्यायला कायद्यात सूट आहे. शिवाय 1994 साली राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की कामावरच्या टीकेबद्दल अधिकाऱ्याला नुकसानभरपाई मागता येत नाही. मात्र लिहिणाऱ्यानं खऱ्याखोट्याची पर्वाच केली नसेल, तर गोष्ट वेगळी."

"मग भीती कसली?"

"ते भरपाईचं झालं. फौजदारी कलम त्याच कोर्टानं 2016 साली वैध ठरवलंय. सुटाल हो तुम्ही! पण सुटेपर्यंत तारखांना हजर राहावं लागेल. रजा किती शिल्लक आहे?"

बँकेतला माणूस कैदेला एक वेळ भिणार नाही, पण बिनपगारी रजेला भितो.

मला टिळक-आगरकर आठवले. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'त लिहिले, पण ज्यांच्या आधारावर लिहिले ती पत्रेच बनावट निघाली. माफी मागूनही 1882 साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. मी सही पडताळल्याशिवाय साधा चेक पास करत नाही. म्हणजे पडताळणीत मी त्यांच्यापेक्षा पक्का. त्यांचे कागद खोटे होते, पण उमेद खरी होती. माझे कागद पोचपावत्यांसकट खरे, आणि पाय लटपटत होते!

शेवटी काकांची पेन्सिल चालली. नाव गेले. 'चार महिने'चे 'काही काळ' झाले. 'खड्डा' जाऊन 'विकासकाम' आले, आणि झोपलेले गृहस्थ 'विचारमग्न' झाले. पत्र छापून आले. तिसऱ्या दिवशी ते अधिकारी स्वतः माझ्या काउंटरवर हजर! माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या कामाची दखल घेणारे तुमच्यासारखे नागरिक हवेत." कात्रण त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे म्हणे.

त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि समोरच्या आजी त्या विकासकामात पडल्या. मनगट मोडले. प्लास्टर घातलेला हात पुढे करून मला म्हणाल्या, "तू लिहिणार होतास ना रे?"

त्या रात्री मी कपाटातून मूळ पत्र काढले. तारखा, मापे, पोचपावत्या पुन्हा तपासल्या. 'झोपले आहेत काय' जसेच्या तसे ठेवले. आजींचे मनगट तेवढे नव्याने घातले.

सौभाग्यवतीने विचारले, "वकीलकाकांना दाखवताय ना?"

"नको," मी म्हणालो, "रजेचा अर्ज आधीच लिहून ठेवलाय."