आधी जमीन, मग काच

नागपूरहून बिलासपूरला जाणारी वंदे भारत दुपारी सुटते आणि दिवेलागणीच्या सुमारास रायपूरला पोहोचवते. डिसेंबर २०२२ मध्ये ही गाडी सुरू झाली, तेव्हापासून मामेभावाकडे जाणं फार सोपं झालंय. गोंदिया मागे पडलं की सालेकसा, दरेकसा करत रुळांच्या दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात, झाडी दाटते, बोगदा लागतो आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपलेला असतो. या वाटेवर मी कधी डोळे मिटत नाही. डोंगरगडला टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ दिसलं तसे शेजारच्या बाईंनी बसल्या जागी हात जोडले. तिथून पुढे सगळा भाताचा सपाट मुलूख. दिवाळी नुकतीच झाली होती, कापणी चालू होती आणि बांधाबांधावर धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या.

या खेपेला जाण्याचं निमित्त भाचीचं होतं. "आत्या, इथे पॅडल सुरू झालंय. तू येच. आणि तुझी रॅकेट आणू नको, तिचा इथे काही उपयोग नाही," असं तिने फोनवर बजावलं होतं. मी शाळेपासून बॅडमिंटन खेळत आले आहे. या खेळाचे नियम १८७०च्या दशकात आपल्या पुण्याच्या छावणीत आकाराला आले आणि म्हणून त्याला 'पूना' हेच नाव होतं, हे मी भाचीला ती लहान असल्यापासून अभिमानाने सांगत आले आहे. बॅडमिंटनवाल्यांच्या अंगात एक गोष्ट पक्की मुरलेली असते: फूल खाली पडू द्यायचं नाही. पडलं की गुण गेला. पॅडल हा भिंतींमधला रॅकेटचा खेळ शिकताना नेमकी हीच सवय मोडावी लागते, हे मला गाडीत बसताना माहीत नव्हतं.

मामांचं घर तात्यापाऱ्यात. छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला तो अठराव्या शतकात. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ एवढा काळ रतनपूरहून कारभार पाहत होते. पुढेही मराठी माणसं, कोणी नोकरीच्या, कोणी रेल्वेच्या, कोणी शाळेच्या निमित्ताने, येत राहिली आणि रायपूरचीच झाली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपती बसतो तेव्हा ही सगळी मंडळी एका छताखाली दिसतात. इथली मराठी नागपुरी वळणाची, कानाला गोड. सकाळी वहिनींनी तांदळाच्या पिठाचा गरमागरम फरा आणि टोमॅटोची चटणी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, पोटभर नका खाऊ. संध्याकाळी धावायचं आहे तुम्हाला."

संध्याकाळी दादाने, म्हणजे मामेभावाने, गाडी बुढ़ा तालाबावरून घेतली. तलावाच्या मधोमध विवेकानंदांचा पुतळा आहे. बालपणीची काही वर्षं ते या गावात होते. जवळच सप्रे शाळेचं मैदान. माधवराव सप्रे म्हणजे 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे. मैदानाच्या कोपऱ्यात पोरांचं क्रिकेट रंगलं होतं. चेंडू थेट भिंतीवर आदळला आणि सगळी एकदम ओरडली, "आउट! डायरेक्ट लगा!" तेलीबांधा तलावाच्या काठाने आम्ही विमानतळाच्या रस्त्याला लागलो.

कोर्ट पहिल्यांदा पाहिलं ते दिव्यांच्या झोतात. निळी कृत्रिम हिरवळ, तिच्यावर भुरभुरलेली बारीक वाळू आणि भोवती काच. लांबी २० मीटर, रुंदी १०. बॅडमिंटनचं दुहेरीचं मैदान १३.४० बाय ६.१० मीटरचं असतं, त्यामुळे मला हे बरंच मोठं वाटलं. जाळी मात्र अगदी ठेंगणी, मध्यभागी ८८ सेंटिमीटर. मागची भिंत तीन मीटर काचेची आणि तिच्यावर आणखी मीटरभर लोखंडी जाळी. बाजूंना काच फक्त कोपऱ्यांपाशी, मधल्या भागात पुन्हा जाळीच. रॅकेटला तारा नसतात. आत फोम, वरून फायबर किंवा कार्बनचा पत्रा आणि त्याला आरपार भोकं. मुठीला दोरी असते, ती मनगटात अडकवणं नियमाने सक्तीचं आहे. चार माणसं एका काचेच्या चौकटीत उभी असतात, कोणाच्या हातून रॅकेट सुटली तर काय होईल ते उघड आहे.

कोच भिलाईचा तरुण मुलगा होता. त्याने पहिल्यांदा माझ्या हातातली रॅकेट काढून घेतली. "पहले हाथ से," तो म्हणाला. मला मागच्या काचेपासून दोनेक पावलं पुढे, अंगाने तिरकं उभं केलं. तो जाळीपलीकडून चेंडू टाकायचा. चेंडू माझ्यासमोर टप्पा घ्यायचा, माझ्या बाजूने मागे जायचा, काचेवर 'थप्' असा भरीव आवाज व्हायचा आणि तो परत पुढे यायचा. तो परत आल्यावर, दुसरा टप्पा पडायच्या आत, हाताने झेलायचा. एवढंच. पण चेंडू आपल्याला ओलांडून मागे जातोय हे पाहत स्वस्थ उभं राहायला मन तयार होत नाही. हात आपोआप पुढे जातो. "जाने दो, मैडम, जाने दो. शीशा वापस देगा," कोच सांगत राहिला. कोपऱ्यात चेंडू गोळा करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. ते आपल्या छत्तीसगढ़ीत म्हणाले, "हड़बड़ झन करव, दीदी." गडबड करू नका. त्यांचं म्हणणं मला जास्त पटलं.

हळूहळू कान तयार झाला. चेंडू काचेवर खाली लागला तर तो पायापाशी मरगळून येतो, वर लागला तर ऐटीत पुढे निघून येतो. म्हणून तो काचेकडे जात असतानाच त्याच्याबरोबर मागे सरायचं आणि तो परत फिरला की त्याच्याबरोबर पुढे यायचं. कोपऱ्यात तर तो मागच्या काचेवरून बाजूच्या काचेवर जातो आणि भलत्याच दिशेने बाहेर पडतो. अशा वेळी कोपऱ्यात शिरायचं नाही, चेंडूला वाट मोकळी ठेवून गोल फिरायचं. एकदा हे अंगात भिनलं की उरलेले नियम पाठ करावे लागत नाहीत, ते या काचेतूनच निघतात.

पहिला नियम कोचने कोर्टावर रॅकेट टेकवून सांगितला: "पहले ज़मीन, फिर शीशा." आपण मारलेला चेंडू पलीकडे आधी जमिनीवर टप्पा घेतो आणि मग काचेला किंवा जाळीला लागतो, तर खेळ चालू. थेट काचेवर गेला तर बाहेर. मला सप्रे शाळेच्या मैदानावरची पोरं आठवली. त्यांना हा खेळ शिकवायला दोन मिनिटं पुरतील.

सर्व्हिस खालूनच करायची. सर्व्हिस रेषा जाळीपासून ६.९५ मीटरवर. तिच्या मागे उभं राहून चेंडू एकदा जमिनीवर टाकायचा आणि कंबरेच्या वर न जाऊ देता तिरप्या चौकोनात मारायचा. टेनिससारख्याच दोन संधी. बॅडमिंटनमध्येही सर्व्हिस खालूनच असते, त्यामुळे माझा हात इथे लगेच बसला. यातली खोच वेगळीच आहे. सर्व्हिसचा चेंडू चौकोनात टप्पा घेऊन काचेला लागला तर चालतो. टप्प्यानंतर लोखंडी जाळीला लागला तर मात्र फॉल्ट. चालू खेळात हीच जाळी चालते, सर्व्हिसला चालत नाही. कारण जाळीवरून चेंडू कसा येईल याचा भरवसा नसतो. काच सरळ परत देते, जाळीत तो अडखळतो, कधी तिथेच गळून पडतो. सर्व्हिस करणाऱ्याला आयता गुण मिळू नये म्हणून ही अट आहे असं मला वाटतं, आणि ती मला न्यायाची वाटते. सर्व्हिस घेणाऱ्यानेही चेंडू टप्प्याआधी हवेत मारायचा नाही. आधी पडू द्यायचा. पुन्हा तेच, थांबायचं.

गुण मोजायचे टेनिससारखे: पंधरा, तीस, चाळीस. सहा गेमचा सेट. चाळीस-चाळीस झाल्यावर या कोर्टावर एकाच गुणावर गेमचा निकाल लावतात, त्याला 'गोल्डन पॉइंट' म्हणतात.

खेळाला भिंती आल्या कुठून, हे विश्रांतीत भाचीने सांगितलं. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्कुएरा यांनी घरच्या मोजक्या जागेत कोर्ट केलं, लहान आणि भिंतींनी बंद केलेलं. त्यांचे मित्र आल्फोन्सो होहेनलोहे यांनी ते पाहिलं आणि १९७४ मध्ये स्पेनमधल्या मार्बेया इथे तशी कोर्टं उभारली. तिथून अर्जेंटिना, मग जग. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली. जागेच्या टंचाईतून एवढा देखणा खेळ निघाला, हे मला फार मोलाचं वाटतं. ऐसपैस आवार असतं तर भिंत फक्त चेंडू अडवायला राहिली असती, खेळायला आली नसती.

मग खरा डाव झाला. मी आणि भाची एकीकडे, दादा-वहिनी दुसरीकडे. दादाने उंच चेंडू टाकला, तो भाचीच्या डोक्यावरून मागे गेला आणि काचेवरून परत येताना इतका मंदावला की पुढे मारायला जागाच उरली नाही. तिने पाठमोऱ्या अवस्थेतच चेंडू आपल्याच काचेवर जोरात मारला. तो काचेवरून उसळला, आमच्या डोक्यावरून जाळीपलीकडे गेला आणि वहिनींच्या मागे पडला. मी कोचकडे पाहिलं. "चलता है," तो हसून म्हणाला. आपली काच वापरून चेंडू पलीकडे पाठवणं नियमात बसतं, आपली लोखंडी जाळी वापरून बसत नाही. "आत्या, तू अजून लवकर मारून राहिली," भाचीने मला दटावलं. पुढच्या चेंडूला मी पाय रोवले, त्याला जाऊ दिलं, 'थप्' ऐकलं आणि कंबरेच्या उंचीवर आलेला चेंडू वहिनी आणि दादाच्या मधून सरळ काढला.

ताकदीपेक्षा वाट पाहण्याला इथे जास्त किंमत आहे, म्हणून एका घरातली लहानथोर माणसं एका कोर्टावर खरोखर तुल्यबळ खेळू शकतात. असे खेळ फार थोडे आहेत. आज ही कोर्टं शहराच्या पैसेवाल्या टोकाला आहेत, तासाचे पैसे चौघांत वाटूनही ते सगळ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. काच महाग आहे, मान्य. तरी सप्रे शाळेच्या मैदानाच्या कडेला असं एक सार्वजनिक कोर्ट व्हायला हवं. ती पोरं भिंतीचा खेळ आधीपासून जाणतात.

रात्री जेवताना मामींनी सगळं ऐकून घेतलं. त्या तरुणपणी टेबल टेनिस खेळायच्या. "धावावं लागतं का गं फार?" त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, "नाही आजी, थांबावं लागतं." वहिनींनी लगेच मोबाइलवर सकाळची सहाची वेळ घेतली. दादा म्हणाला, आता पाच जण झालो, एकाला बाहेर बसावं लागेल. "तू बस की," मामी म्हणाल्या आणि पायाला कोणाचे बूट होतील ते पाहायला उठल्या.