फ्युर्थचा अँप्लिफायर आणि अकरा एल्को

आपल्याकडे पंख्याचा कंडेन्सर गेला की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा मिनिटांत नवा येतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर उभं राहिलं की जगातला कुठलाही सुटा भाग मिळतो, अशी माझी अजून श्रद्धा आहे. इथे मात्र त्याच वस्तूपायी मला जर्मनीचा नकाशा उघडून बसावं लागलं.

झालं असं, की आमच्या तळमजल्यावरच्या आजी फेब्रुवारीत वृद्धाश्रमात राहायला गेल्या. घर रिकामं करताना त्यांच्या मुलाने दिवंगत आजोबांचा सत्तरच्या दशकातला स्टिरिओ अँप्लिफायर वेर्टश्टॉफहोफला, म्हणजे नगरपालिकेच्या भंगारकेंद्रात न्यायला काढला. आजींनी तो मला दिला. अट एकच, चालू झाला की आजोबांच्या गायनवृंदाची कॅसेट त्यावर लावून ऐकवायची. कंपनीचं नाव सांगत नाही. पन्नाशीत कुणाच्याही तब्येतीची कुरकुर असतेच.

याची कुरकुर म्हणजे अखंड घुमणारा एक सूर. बाबांनी दिलेली भीमसेनजींची तबकडी लावली, तर तंबोऱ्याच्या जोडीला आणखी एक बेसूर तंबोरा! मी मराठीची एम.ए., सातवी-आठवीला व्याकरण शिकवलेली; पण कारण समजल्यावर ते मला फार आवडलं. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अँप्लिफायरच्या आत ती एकाच दिशेला वळवली की सेकंदाला १०० उसळ्या होतात. त्या उसळ्या पोटात घेऊन एकसारखा प्रवाह देणारी गच्चीवरची टाकी म्हणजे कपॅसिटर. त्याच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये ओला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकतो, टाकी आटते आणि त्या १०० उसळ्या थेट स्पीकरपर्यंत पोचतात. असल्या ओल्या कपॅसिटरला जर्मनीत लाडाने ‘एल्को’ म्हणतात.

आम्ही राहतो त्या फ्युर्थ गावात हे काम निघावं, हेही योग्यच. माक्स ग्रुंडिगने १९३० मध्ये इथेच रेडिओचं दुकान टाकलं. युद्धानंतर तयार रेडिओ विकण्यावर निर्बंध होते, म्हणून १९४६ मध्ये त्याने ‘हाइन्झेलमान’ नावाचा, व्हॉल्व्ह नसलेला, घरी जोडायचा संच बाजारात आणला. कायद्याच्या लेखी तो रेडिओच नव्हता! (हे वाचून मला आपल्याकडच्या कित्येक हिकमती व्यापाऱ्यांची आठवण झाली.) पुढे ग्रुंडिग युरोपातली बलाढ्य कंपनी झाली आणि २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या जुन्या मुख्य कचेरीच्या इमारतीत आता रेडिओ संग्रहालय आहे. पाहुणे आले की सगळे न्यूरेंबर्गचा किल्ला दाखवतात. माझं मत, एक दुपार इथेही द्या.

पण एल्को संग्रहालयात मिळत नाहीत. १९२३ पासूनच्या कॉनराड कंपनीची गावोगावची दुकानं हा पूर्वी हौशी लोकांचा आधार होता. त्यांतली बहुतेक आता बंद झाली आहेत. मग नकाशा आला. बव्हेरियातलं लान्ड्सहूट हे रोडरश्टाइनच्या कपॅसिटरांचं गाव. ती कंपनी नव्वदच्या दशकात अमेरिकन विशेकडे गेली. मानहाइमला विमा, हा आयुर्विमा नव्हे. विल्हेल्म वेस्टरमान या नावातली अक्षरं जोडून १९४८ मध्ये झालेली कंपनी. तिचे लाल चौकोनी डबीसारखे कपॅसिटर कोरडे, प्लास्टिकच्या पापुद्र्याचे. सॅक्सनीत चांदीच्या खाणींचं फ्रायबेर्ग, तिथे फ्रोलिट. उत्तर समुद्राकाठी लेखक थिओडोर श्टोर्मचं हुसुम, तिथल्या एल्कोंवर गिटारच्या अँप्लिफायरवाल्यांचा जीव. आणि त्याच किनाऱ्याकडे झांडे, तिथून राइशेल्ट कंपनी घरपोच सुटे भाग पाठवते.

खरी गोची आकड्यांची. आतल्या जुन्या डब्यांवर ५०००, २५०, ५० मायक्रोफॅरड असे गोल आकडे. आजच्या बाजारात ४७००, २२०, ४७. मला वाटलं, संपलं सगळं. पण गावातल्या दुरुस्ती-कॅफेत, जिथे महिन्यातून एकदा केक खात खात बिघडलेल्या वस्तू उघडतात, एका निवृत्त अभियंता आजोबांनी समजावलं. जुन्या मालात छापील आकड्याहून बरंच कमी-जास्त चालायचंच, तेव्हा ५० ऐवजी ४७ बिनधास्त. व्होल्टची मर्यादा मात्र तेवढीच किंवा जास्त हवी, कमी कधीही नको. १०५ अंशांचा शिक्का असलेला घ्या, ८५ वाल्यापेक्षा जास्त टिकतो. आणि कुणाच्या खणात तीस वर्षं पडलेला ‘कोरा’ एल्को फुकट मिळाला तरी नको. न वापरताही तो आतून बिघडतो.

हे आजोबा अस्सल फ्रँकन. इथल्या बोलीत प आणि ब, त आणि द यांत फरकच नाही, त्यामुळे ते ‘एल्गो’ म्हणतात. त-थ-द-ध घोकून घेण्यात वर्षं घालवलेल्या बाईला हे ऐकताना किती हात शिवशिवतात, ते शिक्षकांनाच कळेल.

अकरा एल्कोंचे झाले नऊ युरो, टपालखर्च सहा. जुने दोन्ही टोकांना तारेचे, नव्यांचे दोन्ही पाय एकाच बाजूला; तेही आकाराने निम्मे. जुन्या कड्यात मोठे दोन खुळखुळू लागले, म्हणून आजोबांनी भोवती पट्टी गुंडाळली. प्लग काढला तरी मोठ्या एल्कोत वीज साठून राहते, म्हणून आधी रोधक लावून त्यांनी ती उतरवली. डाखणी त्यांनी माझ्या हातात दिली ती त्यानंतरच. अधिक-उणे टोक प्रत्येक वेळी माझ्याकडून मोठ्याने वदवून घेतलं. घरी कुणीही हा भाग एकट्याने करू नये.

पहिल्यांदा चालू करताना मध्ये जुना साठ वॅटचा दिवा जोडला. आत काही बिघाड असेल तर तो लख्ख पेटतो. आमचा क्षणभर उजळला आणि मंदावला. घुमणं गेलं होतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी अँप्लिफायर, कॅसेट डेक, दोन स्पीकर आणि माझा नवरा असं सगळं सामान वृद्धाश्रमात नेलं. कॅसेटची फीत स्वतःच जुनी, तिची खरखर राहिलीच. आजी पहिलं गाणं डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्याच्या मध्ये त्यांनी हात वर केला आणि खालच्या पट्टीतल्या आवाजांकडे बोट दाखवलं. मला त्यातला आजोबांचा कुठला ते कळेना. “हा, थोडा उशिरा येणारा,” त्या म्हणाल्या. “नेहमी उशिराच यायचा.”

डाव्या बाजूच्या आवाजाच्या बटणात अजून थोडी खरखर आहे. ते पुढच्या कॅफेत. ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन एल्को उरलेत. मंडळात कुणाला लागले तर दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येते.