खांबावरची नावे

स्मरणिकेत शिक्षकाने संस्थेच्या वाटचालीविषयी लिहावे असा रिवाज आहे. ती वाटचाल या अंकात इतरांनी लिहिलीच असेल. मी इतिहास शिकवतो, म्हणून वर्गात दरवर्षी या ना त्या रूपात समोर येणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहितो. "सर, आपला इतिहास इंग्रजांनी खोटा लिहिला, हे खरे का?" अलीकडे मुले हे वाक्य मोबाइलवर ऐकून येतात. त्या वाक्यामागे बहुधा न उच्चारलेले आणखी एक वाक्य असते : इंग्रज येण्यापूर्वी सारे ठीक होते. पहिल्या वाक्यात बरेच तथ्य आहे. दुसरे मात्र आपल्या पणजोबांची साक्ष काढल्याखेरीज मान्य करता येत नाही.

जेम्स मिल याने १८१७ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशी जी कालविभागणी त्याच्यापासून रूढ झाली, तिच्यात बौद्धांची शतके पहिल्या खणात गडप झाली. पण त्यानंतर वीसच वर्षांनी, १८३७ मध्ये, कंपनीच्याच टांकसाळीत नोकरी करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि सम्राट अशोकाचे शब्द पुन्हा वाचता येऊ लागले. तोपर्यंत ती अक्षरे वाचणारा माणूस या देशात उरला नव्हता. त्या विस्मरणाचे खापर इंग्रजांच्या माथी फोडता येणार नाही.

आपल्या खेडच्या पूर्वेकडील टेकडीत लहानशी बौद्ध लेणी आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये, १८८० साली, त्यांची नोंद झाली ती 'खडकातील देवळे' म्हणून. भिक्खूंच्या निवासाला देऊळ म्हटले की भिक्खू नाहीसा होतो. मात्र आपल्याकडेही अशा लेण्यांना काय म्हणत आले? नाशिकच्या लेण्यांना आजही सर्रास 'पांडवलेणी' म्हणतात. तेथील भिंतींवर गौतमी बलश्रीचे आणि उषवदाताचे भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे लेख कोरलेले असताना! साहेबाची नोंद आणि गावची दंतकथा यांपैकी कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्नच तेथे उरत नाही. भिंतीवरचा लेख वाचायचा.

आता आपल्या घरापर्यंत येणाऱ्या गोष्टीकडे वळतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांची लढाई झाली. कंपनीने तेथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या सैनिकांची ४९ नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती महार सैनिकांची आहेत. स्तंभ त्या २२ जणांच्या गौरवासाठी उभारलेला नव्हता, तो कंपनीच्या पराक्रमाचा डंका होता. तरीही नावे कोरली गेली. ज्या माणसांची नावे एरवी गावच्या वेठीच्या हिशेबापलीकडे कोणी लिहिली नसती, ती दगडावर राहिली आणि बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या दगडापुढे जाऊन उभे राहिले.

त्याच सरकारने पाऊणशे वर्षांनी काय केले? हिंदुस्थानातील काही जाती लढाऊ आणि बाकीच्या बिनलढाऊ, असा सिद्धांत लष्करात प्रतिष्ठित झाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. शोध नवा लागला नव्हता. रणांगणात कोणी कमी पडल्याचा पुरावाही कोणी मागितला नाही. वर्गीकरण बदलले आणि कोकणातील शेकडो घरांची भाकर गेली. दापोलीची छावणी येथून तासाभराच्या वाटेवर. तेथे पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. महाडजवळच्या रावढळचे हवालदार गोपाळबाबा वलंगकरही तेथलेच, आणि भरती पुन्हा सुरू करावी म्हणून १८९४ मध्ये जो अर्ज तयार झाला, तो त्यांच्या अनार्य दोषपरिहारक मंडळीचा.

या मंडळीच्या नावाशी मी वर्गात नेहमी थांबतो. 'अनार्य' हा शब्द कोठून आला? आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील लोकांना जिंकले, हा युरोपीय पंडितांचा सिद्धांत जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त उलटा फिरवून ब्राह्मणी वर्चस्वावर रोखला. गोपाळबाबांनी तो त्यांच्याकडून घेतला. आणि त्याच मंडळीच्या अर्जात, आम्ही मूळचे क्षत्रिय, असाही दावा आहे. अनार्यही आणि क्षत्रियही. या विसंगतीला हसणाऱ्याने आधी पेन्शनवर पोट असलेल्या आणि मुलाला पलटणीचे दार बंद झालेल्या माणसाच्या जागी बसून तो अर्ज वाचावा. हाती आलेले प्रत्येक हत्यार त्यांनी उचलले, आणि सगळी हत्यारे दुसऱ्याच्या भात्यातली होती.

ही अडचण बाबासाहेबांनी ओळखली होती असे मला वाटते. १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील निबंध वाचताना त्यांनी रिस्ले, नेसफील्ड, सेनार यांच्याबरोबर आपल्या केतकरांच्याही व्याख्या तपासल्या. गोरा म्हणून कोणाला मान नाही आणि स्वदेशी म्हणून कोणाला सूट नाही. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांची आकडेवारी हाती घेतली. रिस्लेच्या परंपरेतील ही मोजमापे वंश निराळे आहेत हे दाखवण्यासाठी वापरली जात. बाबासाहेबांनी त्यांतूनच दाखवून दिले की, मोजमाप खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत तर त्यांनी दोन वर्षे आधीच नाकारला होता. फुल्यांना गुरू मानूनही नाकारला, हे आपण सांगायला कचरतो. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा स्वतःचा निष्कर्ष मांडतानाही तो अखेरचा शब्द मानावा असा आग्रह त्यांनी धरला नाही.

ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासाला राजवाड्यांनी अस्सल कागदांनी उत्तर दिले, १८९८ पासून साधनांचे २२ खंड छापले. हे ऋण मी मानतो. पण कागद लिहिणारा कारकून होता. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक असे, एवढ्यापुरता आपला पूर्वज त्या दप्तरात बोलतो आणि पुन्हा गप्प होतो.

आणि आपण? दर १ जानेवारीला 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवले' असे फलक लागतात. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत घोडेस्वार आणि तोफखाना धरून सुमारे ८०० माणसे होती. पायदळातही महारांबरोबर मराठे, मुसलमान, बेने इस्रायली होते. पेशव्यांचे सारे सैन्य एकाच वेळी लढाईत उतरले नव्हते, आणि जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने ते निघून गेले. एवढे सांगितले की सभेत भुवया उंचावतात. उपासमार आणि तहान सोसत दिवसभर गाव धरून राहिलेल्या त्या माणसांना फुगवलेल्या आकड्याची गरज काय? आपला आकडा चुकीचा निघाला की विरोधक त्याच्याबरोबर ती २२ नावेही खोडायला निघतात, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. खेड, दापोली, मंडणगड तालुक्यांतील आपल्या अनेक घरांत जुन्या लोखंडी ट्रंका आहेत. त्यांत पणजोबांचे पेन्शनचे पुस्तक असेल, पहिल्या महायुद्धात १९१७ ला उभ्या राहिलेल्या आणि १९२१ मध्ये मोडलेल्या १११ व्या महार पलटणीचा दाखला असेल, १९४१ नंतरच्या महार रेजिमेंटची पदके असतील, वतनाचा एखादा कागद असेल. रद्दीत घालू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. शाळेत आणा. आम्ही फोटो काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. कागद कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाकडून मिळाला, हे नववीची मुले नोंदवहीत लिहितील. मोडी वाचणारे एक गृहस्थ महिन्यातून एका रविवारी यायला तयार आहेत. मजकूर आपल्या बाजूचा निघो वा विरुद्ध, नोंद जशीच्या तशी होईल.