पोवळ्यांचं बिऱ्हाड

आमच्या घरात पोवळं एकच. आजीच्या अंगठीतलं, मंगळ शांत राहावा म्हणून घातलेलं. मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळं आहेत, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं दगडी प्रवाळांना अभय आहे. ती उचलून कुणी घरी आणू शकत नाही. त्यामुळे पोवळं जेवतं, वाढतं आणि शेजाऱ्याशी भांडतंही, हे मी पाहिलं ते न्यू जर्सीला, मामाच्या दिवाणखान्यात.

मामाची काचेची टाकी ९ वर्षांची. ६०० लिटर खारं पाणी आणि त्यात वाढलेला प्रवाळांचा ठेंगणा डोंगर. मी गेलो त्या उन्हाळ्यात मामाचा एक मित्र घर मोडून दूरच्या गावी, मुलीकडे राहायला चालला होता. त्यानं आपली २४ प्रवाळं मामाच्या ओटीत घातली. एका संध्याकाळी एवढं मोठं बिऱ्हाड दारात उभं!

मामानं त्यातलं एकही मोठ्या टाकीत सोडलं नाही. स्वयंपाकघरात वेगळी टाकी मांडली. पाहुण्यांना औषधी पाण्याची आंघोळ घातली आणि मग कित्येक आठवडे तो भिंग घेऊन त्यांच्यापुढे बसे. काही चपट्या किड्यांची अंडी औषधालाही दाद देत नाहीत. ती आत शिरली, तर घरचे आणि पाहुणे दोघेही जायचे. मामी म्हणाली, "पोरीचं स्थळ बघतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीत!"

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न शिजवतं आणि घरमालकालाही वाढतं. पण एकदम प्रखर दिव्याखाली आणलं, तर हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. म्हणून नव्यांना आधी तळाशी, सावलीत ठेवायचं. मग हळूहळू वर. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतं. तोंडं वाढली की पाणी दरिद्री होतं. मामा रोज नळीत थेंब मोजून पाणी तपासायचा आणि उणं पडेल तेवढं घालायचा. गॅलॅक्सिया नावाचं प्रवाळ तर दिवसा फुलासारखं गरीब. रात्री लांब दंशतंतू काढून टप्प्यातल्या शेजाऱ्याला भाजून काढतं. त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी लागते.

आपण किती सहज म्हणतो, "या, जागा आहे!" जागा म्हणजे अंथरलेली सतरंजी नव्हे. उजेड, अन्न, अंतर, सगळंच नव्यानं वाटून घ्यावं लागतं. आणि त्याची झळ आधीपासून असलेल्यांनाही लागते.

डिसेंबरात मामाचा फोन आला. २४ पैकी २१ रुळली होती. आणि एक जुनं गेलं होतं, टाकीतलं सर्वांत पहिलं. पाण्यातला चढउतार त्याला सोसला नसावा.

"मित्राला कळवलंस?" मी विचारलं.

"त्याच्या तिघांचं कळवलं," मामा म्हणाला. "जुन्याचं नाही. तो आधीच लेकीच्या घरी अंग चोरून राहतोय. आपलं बिऱ्हाड इथेही जड झालं, असं कशाला वाटू द्यायचं?"